दिसायला आत

आधीच सांगतो, हे रचलेलं नाही.

रचायचं असतं तर मी रात्र घेतली असती, दिवे घालवले असते, मांजर रडवलं असतं. इथं यातलं काहीच नाही. भर दुपार होती. खिडकीतून चांगलं खणखणीत ऊन येत होतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आत माणसं, खालच्या मजल्यावर कुणाचं तरी शिलाई मशीन खडखडत होतं.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. मोठी त्याची ताई, म्हणून हा धाकटा. ताई गेली, पण नाव तसंच चिकटलं.

धाकटा वेबसाइट बनवतो. हुशार आहे. आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला कळल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

त्याचे वडील, अण्णा, दंतवैद्य. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलं, त्यामुळं घरात कुणी तोंड उघडलेलं त्यांना चालत नसे. दवाखाना बंद केला आणि त्यांना हौस आली.

"आपल्या घराण्याचं एक पान कर. लोकांनी बघितलं पाहिजे."

धाकट्यानं पान केलं. आणि झकास केलं, खोटं कशाला बोलू.

एक मोठी चौकट, ती म्हणजे घर. तिच्या आत अण्णा आणि आईची चौकट. तिच्या आत धाकट्याची आणि बायकोची. त्यांच्या आत चिमटीची. डबीत डबी ठेवावी तशी. चिमटी म्हणजे त्याची मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली, दिवसभर काहीतरी गुणगुणत असायची. कुणाच्याही फोटोवर बोट ठेवलं की फोटो मोठा व्हायचा, माणूस हसायचा, दोन शब्द बोलायचा. चौकटीबाहेर बोट पडलं की सगळं मिटायचं. पान पांढरंफटक.

त्यासाठी पान दर वेळी एकच गोष्ट तपासायचं. बोट जिच्यावर पडलं ती चौकट घराच्या चौकटीच्या आत आहे का?

उत्तर दोनच. ट्रू, नाहीतर फॉल्स. आत, नाहीतर बाहेर.

पानाला डोळे नसतात, हे नीट लक्षात ठेवा. कोण कुठं दिसतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कोडमध्ये कोण कुणाच्या पोटात लिहिलंय, तेवढंच ते बघतं.

आता अडचण होती ताईची.

ताई नवऱ्याचं घर सोडून आली होती, एक बॅग घेऊन. अण्णांनी दारातच सांगितलं, "काढलेला दात मी परत बसवत नाही." आई पदराला डोळे पुसत राहिली. आणि धाकटा? ताईच्या जुन्या खोलीत तोवर त्याचं टेबल लागलं होतं, मोठा स्क्रीन, फिरती खुर्ची. ताई परत आली असती तर टेबल बाहेरच्या खोलीत गेलं असतं. धाकट्यानं तोंडानं काही म्हटलं नाही. टेबल मात्र हलवलं नाही.

ताईनं गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. तिला दमा होता. श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजायची. लहानपणी धाकटा तिला 'कुकर' म्हणायचा, आणि ती हसायची. हसली की शिट्टी आणखी मोठी.

पान करताना अण्णा म्हणाले, "ती आत नको."

आई म्हणाली, "ती नसेल तर माझाही फोटो काढून टाक."

दोघंही हट्टी. धाकटा मात्र खूश झाला. असल्या जागीच त्याचं डोकं चालतं.

त्यानं ताईची चौकट कोडमध्ये घराच्या बाहेर लिहिली. सगळं संपल्यावर, एकदम तळाला, एकटी. मग रंगरंगोटीच्या दोन ओळी लिहून ती उचलली आणि आईच्या फोटोशेजारी अशी बेमालूम बसवली, की कुणाला शंका येऊ नये.

अण्णांना कोड दाखवला. "बघा अण्णा, बाहेर आहे."

आईला पान दाखवलं. "बघ आई, आत आहे."

दोघंही निवांत. खोटं तर कुणाशीच बोललेला नाही! ही कामगिरी तो आम्हाला जेवणावर रंगवून सांगायचा. आम्ही हसायचो. मीसुद्धा हसलो होतो.

फक्त एक झालं.

आईनं ताईच्या फोटोवर बोट ठेवलं... आणि सगळे गेले.

अण्णा गेले, धाकटा गेला, चिमटी गेली. पांढरं पान.

जाणारच की. पानानं तपासलं, ही चौकट आत आहे का? फॉल्स. बाहेर बोट पडलं, मिटा.

"अरे, ताईला हात लावला की सगळे जातात रे."

धाकट्यानं स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. "आई, बोट जाड आहे तुझं. कुठंही पडतं."

आईनं पुन्हा पान उघडलं. करंगळीनं दाबून बघितलं. पुन्हा सगळे गेले. मग तिनं ताईच्या फोटोला हात लावायचं सोडलं. नुसती बघत बसायची.

ताईचाही फोन आला.

"पान छान केलंस रे. पण मी माझ्यावर दाबलं की सगळे जातात."

"नेट खराब असेल तुझ्याकडचं."

"असेल." मग थोडा वेळ नुसती शिट्टी. "मी आहे ना रे आत?"

"आहेस की. दिसत नाहीस का?"

"दिसतेय," ताई म्हणाली.

पुढं उन्हाळ्यात ताई गेली. खोलीत एकटी होती. तोंडात मारायचा पंप पलंगाखाली घरंगळला होता, हात पोचला नाही. घरमालकिणीनं दार उघडून बघितलं.

धाकटा सामान आणायला गेला तेव्हा घरमालकीण फोन त्याच्या हातात देत म्हणाली, "सारखं एकच करायच्या हो त्या. पान उघडायचं, एका ठिकाणी दाबायचं, परत उघडायचं. मी म्हटलं, बाई, काय सापडतंय त्यात? तर म्हणाल्या, आज नाही लागलं, उद्या लागेल."

धाकट्यानं फोन खिशात घातला. त्याचं काळीज हललं का, मला माहीत नाही. मला त्यानं सांगितलं ते एवढंच, की फोनची बॅटरी गेलेली होती.

सगळं आटोपल्यावर अण्णा एका दुपारी खोलीच्या दारात आले.

"आता तो फोटो पण काढ. लोक विचारतात."

ही ती दुपार.

आई बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत. बायको फोनवर तिच्या ऑफिसशी बोलत होती. चिमटी सोफ्यावर खडू घेऊन चित्रं काढत होती आणि गुणगुणत होती. अण्णा झोपायला गेले.

धाकट्यानं खोलीचं दार लोटलं, लॅपटॉप उघडला. ताईची चौकट तळाला होती, तिथून ती उडवली की काम संपलं.

तळाला काहीच नव्हतं.

तो वर गेला. खाली आला. नाहीच.

पानावर मात्र ताई दिसत होती. आईच्या शेजारी, नेहमीच्या जागी.

त्यानं सवयीनं तपासणी लावली. ताईची चौकट घराच्या आत आहे का?

ट्रू.

धाकट्याला आधी राग आला. कुणीतरी कोडमध्ये हात घातला! पण घालणार कोण? आईला आवाज लहान-मोठा करता येत नाही. अण्णा अजून पासवर्ड कागदावर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवतात. बायकोला या कोडचं तोंड बघायचं नव्हतं.

त्यानं एकेक ओळ वाचत नेली. घर. घराच्या आत अण्णा आणि आई. त्यांच्या आत तो आणि बायको. आणि त्यांच्या आत...

ताई.

आणि ताईच्या आत चिमटी.

ताईनं चिमटीला पोटाशी घेतलेलं होतं.

खालचं शिलाई मशीन थांबलं होतं. त्यामुळं बाकीचे आवाज मोकळे झाले. चिमटीचं गुणगुणणं. बायकोचं "हो सर, हो सर." आणि खोलीतच, त्याच्या खुर्चीच्या मागं...

बारीक शिट्टी.

आत घेताना एक. बाहेर सोडताना एक.

त्यानं वळून बघितलं. भिंत. भिंतीवर ताईच्या कपाटाचा जुना पांढरट डाग. बस.

"पंख्याचा आवाज आहे," धाकटा मोठ्यानं म्हणाला.

पंखा बंद होता.

आता इथं काय केलं ते नीट ऐका, कारण हे करणारा माणूस अडाणी असता तर काही झालं नसतं. ही चूक कोड येणाऱ्यालाच होते.

चौकट उडवली की तिच्या पोटातलं सगळं उडतं. ताईला उडवलं तर चिमटीही उडणार. म्हणून त्यानं चिमटीची चौकट आधी उचलली. घाईत. क्षणभर ठेवायची होती कुठंतरी. रिकामी जागा एकच समोर होती.

तळाला. सगळं संपतं तिथं. घराच्या बाहेर.

ठेवली. पान वेडंवाकडं दिसू नये म्हणून ताईच्या त्याच जुन्या दोन ओळी तिला लावल्या. चिमटी पानावर आपल्या जागी छान दिसायला लागली.

मग त्यानं ताईला उडवलं.

त्याच क्षणी...

बाहेरचं गुणगुणणं थांबलं.

धाकटा उठला. दार उघडलं.

चिमटी सोफ्यावर होती. हातात निळा खडू. मान खाली. सगळं ठीक.

त्याला इतकं हायसं वाटलं, की जाऊन त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि सगळे गेले.

मला हे सांगताना तो इथं थांबला. म्हणाला, "तुला वाटेल अंधार झाला. अंधार नाही. पांढरं."

आरामखुर्ची नाही. आई नाही. बायकोचा आवाज वाक्याच्या मध्येच कापलेला. भिंती नाहीत, खिडकी नाही, ऊन नाही. नुसतं पांढरं. त्यात तो, चिमटी, आणि तिच्या केसांवरचा त्याचा हात.

आणि शिट्टी. आता मागं नाही. अगदी हाताखाली.

त्यानं हात ओढून घेतला.

घर परत आलं. बायको म्हणत होती, "...हो सर, पाठवते संध्याकाळपर्यंत." आईची मान डाव्या खांद्यावर. खाली शिलाई मशीन चालू.

"तुला काही दिसलं का आत्ता?" त्यानं बायकोला विचारलं.

तिनं फोनवर हात ठेवला. "काय दिसायचंय? असा का उभा आहेस सोफ्यासमोर एकटा?"

एकटा.

"आणि चिमटी?"

बायकोनं सोफ्याकडं बघितलं. म्हणजे बघितल्यासारखं केलं. नजर गेली, पोरीवरून घसरली, उशीवर जाऊन थांबली. "असेल की इथंच कुठंतरी," ती म्हणाली आणि परत फोनवर बोलायला लागली.

धाकटा आईपाशी धावला, तिला हलवलं. "आई, मी चिमटीला हात लावला आणि सगळं... सगळं घर गेलं, आई!"

आईनं डोळे उघडले. त्याच्याकडं नाही, समोरच्या भिंतीकडं बघितलं. आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"बोट जाड असेल तुझं."

परत डोळे मिटले.

तो खोलीत पळाला. चिमटीची चौकट तळातून उचलली, स्वतःच्या आणि बायकोच्या चौकटीत नेऊन ठेवली. डोळ्यांनी दोनदा वाचलं. आत आहे. सरळ सरळ आत लिहिलेली आहे.

तपासणी लावली. चिमटी घराच्या आत आहे का?

फॉल्स.

पुन्हा.

फॉल्स.

आईच्या आत आहे का? फॉल्स. बायकोच्या? फॉल्स. त्याच्या स्वतःच्या? फॉल्स. खोलीत उकडत होतं. तरी डोकं चालूच. त्याला एक गोष्ट आठवली. या तपासणीचा एक नियम आहे, नवख्यांना तो हमखास चकवतो. कुठलीही चौकट स्वतःच्या आत धरली जाते. नेहमी. घरातून काढा, पानातून काढा, हवेत टांगा, स्वतःच्या आत ती असतेच. हे उत्तर चुकूच शकत नाही.

निदान यंत्र बिघडलंय की आणखी काही, तेवढं तरी कळेल.

त्यानं विचारलं. चिमटी चिमटीच्या आत आहे का?

स्क्रीन क्षणभर तसाच राहिला. इतका वेळ कधी लागत नाही...

फॉल्स.

दाराबाहेर पावलं वाजली. लहान, अनवाणी. दारापाशी येऊन थांबली.

धाकट्यानं शेवटचं विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं. हात आपोआप चालले, असं तो म्हणतो. ताईची चौकट तर त्यानंच उडवली होती, पानात ती उरलीच नव्हती. नसलेल्या गोष्टीबद्दल विचारलं तर उत्तर येत नाही, लाल अक्षरांत चूक दाखवली जाते.

चिमटी ताईच्या आत आहे का?

ट्रू.

"बाबा," दाराबाहेरून आवाज आला. चिमटीचाच. मध्ये श्वास घेतला. बारीक शिट्टी वाजली. "मी आहे ना रे आत?"

चिमटी त्याला कधीच 'रे' म्हणत नाही.

धाकट्यानं काय करावं? शहाण्या माणसानं लॅपटॉप मिटला असता. यानं पान उडवलं. सगळं. कोड, फोटो, साठवलेल्या जुन्या प्रती, कपाटातल्या डिस्कवरची प्रत, अण्णांच्या कॉम्प्युटरवरची प्रत. काही म्हणजे काही ठेवलं नाही. आता चौकटच नाही म्हटल्यावर आतही नाही आणि बाहेरही नाही, असा त्याचा हिशेब.

घर होतं तसंच राहिलं. चिमटीही.

मग त्याच्या लक्षात आलं.

आता तिला परत ठेवायला जागाच नाही.

त्यानं पान पुन्हा बनवलं, अर्थात. अनेकदा. तसंच्या तसं, ओळीला ओळ. बाकी सगळे आत बसतात. चिमटीची चौकट लिहितो, पान उघडतो, ती जागा रिकामी.

हे मला त्यानं खाली पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं. मला खरं वाटलं नाही. कामाच्या ताणानं डोकं फिरलंय, असंच मी धरून चाललो. वर गेलो जेवायला.

टेबलावर ताटं मांडलेली. अण्णा, आई, मावसबहीण, धाकटा, मी. मोजून घेतली. चिमटी आपल्या खुर्चीत बसलेली, समोर नुसतं टेबल.

"अगं, चिमटीचं ताट?" मी म्हणालो.

"हो, आणते की," मावसबहीण म्हणाली. उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि माझ्यासाठी आणखी एक वाटी घेऊन आली.

अण्णांनी घास थांबवला नाही. आई भिंतीकडं बघत जेवत होती. धाकट्यानं आपल्या ताटातला घास मुलीसमोर ठेवला. हात लागणार नाही असा, जरा लांबूनच. गल्लीतल्या कुत्र्याला टाकतात तसा. आणि तिनं तो मुकाट उचलला.

आता तिला शाळेत रोज तोच नेतो. बस तिच्यासमोरून तशीच निघून जाते. तो पुढं चालतो, ती मागं. रस्ता ओलांडतानासुद्धा तो तिचा हात धरत नाही. दोरीचं एक टोक तिच्या दप्तराला बांधतो, एक स्वतःच्या मनगटाला. पडली, रडली तरी नुसता समोर उभा राहतो.

"एकदा उचललं होतं," तो मला म्हणाला. "ताप होता तिला. खूप वेळ धरून ठेवलं. तेव्हा परत यायला... घराला फार वेळ लागला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि सगळं परत आलं नाही. आईला आता ताई कोण ते आठवत नाही."

त्या दिवशी जेवण झालं आणि मी निघालो. चपला घालत होतो तर चिमटी दारापर्यंत आली. वाळलीय पोर. डोळ्यांखाली काळं. पण हसली.

"मामा, टाळी?"

मला ती नेहमी टाळी देऊन निरोप द्यायची. तिनं हात पुढं केला. छोटा, खडूनं निळा झालेला तळवा.

तिच्या मागं सगळं घर होतं. टेबल, दिवे, माझी मावसबहीण पाणी ओतताना. धाकटा माझ्या हाताकडं बघत होता. नुसता बघत होता. 'लावू नको' म्हणाला नाही. तो खरं बोलतोय की नाही, हे मी करून बघावं, अशी त्याची इच्छा होती की काय, कोण जाणे.



मी दोन्ही हात खिशात घातले.

चिमटीनं हात तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मग बापाकडं मान वळवली.

"मी आहे ना रे आत?"

"आहेस की," धाकटा म्हणाला. "दिसतेस ना."

मी जिना उतरायला लागलो. वर दार लागल्याचा आवाज आला. ती दाराच्या अलीकडं राहिली की पलीकडं, ते मी वळून बघितलं नाही.

पण खालच्या मजल्यापर्यंत... माझ्या मागं, एकेक पायरी...

श्वास होता.